भेंड्यांचा खेळ आणि अडणारी अक्षरे
(इयत्ता चौथी व पाचवीच्या भाषाशिक्षणासाठी)

वर्णमाला तोंडपाठ झाली म्हणजे मुलांना अक्षरांची ओळख झाली, असे समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः प्रत्येक अक्षराला शब्दात आपले असे स्थान असते. काही अक्षरे शब्दाच्या आरंभी सहज येतात, काही केवळ मध्ये वा शेवटी येतात, तर काही क्वचितच दृष्टीस पडतात. ही गोष्ट मुलांच्या ध्यानी आणून देण्यास भेंड्यांच्या खेळासारखे दुसरे साधन नाही.

खेळासाठी परिसरातील गावांची नावे घ्यावीत. सातारा व सांगली या जिल्ह्यांची नावे एकत्र घेण्यास हरकत नाही. कारण तासगाव, वाळवा, शिराळा इत्यादी तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. एका गटाने ‘कोरेगाव’ म्हटले, की दुसऱ्याने ‘वडूज’ म्हणावे. पुढे जत, तासगाव, विटा, आगरकरांचे जन्मगाव टेंभू, भुईंज अशी साखळी चालते. इतक्यात कोणी ‘जावळी’ म्हणतो आणि खेळ थांबतो. ‘ळ’ने आरंभ होणारे गाव कोणासच सुचत नाही. पाटण, फलटण किंवा माण आले तरी हीच अडचण ‘ण’विषयी उद्भवते.

अशा वेळी अडलेल्या गटावर भेंडी चढविली जाते आणि आपले शब्दज्ञान अपुरे पडले, असे त्या मुलांना वाटते. हा त्यांच्यावर अन्याय होय. मराठीतील रूढ शब्दांत ‘ण’ वा ‘ळ’ आरंभी येतच नाही. म्हणूनच अंकलिपीत इतर अक्षरांपुढे त्या अक्षराने आरंभ होणारा शब्द असतो. येथे मात्र ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असे म्हणावे लागते.

याचे कारण भाषेच्या घडणीत आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत येताना बहुधा ‘ळ’ झाला : फल–फळ, काल–काळ, कमल–कमळ. तसाच ‘न’चा ‘ण’ झाला : पानीय–पाणी, भगिनी–बहीण. आरंभीचे ‘न’ आणि ‘ल’ मात्र तसेच राहिले. ‘नल’ या शब्दापासून ‘नळ’ झाला. त्यात पहिले अक्षर टिकले, दुसरे पालटले. जेथे मुळात ‘ल’ जोडाक्षरी होता, तेथेही तो टिकला. म्हणून ‘वल्ली’पासून वेल आणि ‘वेला’पासून वेळ, असे दोन निराळे शब्द आपणांस मिळाले. मल व मळ, नाल व नाळ, कला व कळा या जोड्या मुलांकडून स्पष्ट म्हणवून घ्याव्यात.

नियमास एक अपवादही ध्यानी ठेवावा. प्राकृत भाषेत ‘ण’ आरंभी येतो. सांगलीकडील जैन कुटुंबांतील मुलांना ‘णमोकार’ हा शब्द घरीच ऐकून ठाऊक असतो. एखाद्या मुलाने ‘ण’ येताच हा शब्द सांगितला, तर तो अशुद्ध म्हणून नाकारू नये. त्याचे कौतुक करावे व प्राकृताचा उल्लेख करून वर्गास कारण सांगावे.

आता ‘ङ’ आणि ‘ञ’ यांकडे वळू. ही दोन अक्षरे म्हणताना मुले अडखळतात, कारण वाचनात ती फारशी आढळत नाहीत. गंगा, शंख, पंच, मंजूर अशा शब्दांत त्यांच्या उच्चाराचे काम अनुस्वार करतो. पण ज्या शब्दात पुढे ‘म’ किंवा ‘न’ येतो, तेथे अनुस्वाराने काम भागत नाही. वाक् + मय = वाङ्मय, दिक् + मूढ = दिङ्मूढ, वाक् + निश्चय = वाङ्निश्चय; त्याच कुळातील पराङ्मुख. मूळ ‘क्’ पुढील अनुनासिकामुळे ‘ङ्’ झाला, हे एकदा उमगले, की असे शब्द पाठ करावे लागत नाहीत. ‘ञ’ तर ‘ज्ञ’ या जोडाक्षरात लपलेला आहे : ज् + ञ. ज्ञान, आज्ञा, यज्ञ लिहिताना प्रत्येक मूल तो नकळत लिहीत असते.

शेवटी ‘र’चे एक खास रूप पाहावे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. पहिल्या शब्दात ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. आचार्यांना वंदन करावे आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगावा. लेखनात चूक झाली, तर अर्थाचा अनर्थ होतो. या रूपाने आरंभ होणारे ऱ्हास व ऱ्हस्व हे शब्द मुलांनी टिपून ठेवावेत. जिल्ह्याचे नावही येथे उपयोगी पडते : सातारा, साताऱ्यात, साताऱ्याहून. आपल्या जिल्ह्याचे नाव विद्यार्थ्यास शुद्ध लिहिता आले पाहिजे, ही अपेक्षा अधिक म्हणता येणार नाही.

खेळाचे नियम : ‘ण’ किंवा ‘ळ’ आल्यास भेंडी चढवू नये. ज्याच्या पोटात वा शेवटी ते अक्षर आहे, असा शब्द पुढील गटाने सांगावा आणि त्या शब्दाच्या पहिल्या अक्षरापासून खेळ पुढे चालवावा. उदाहरणार्थ, ‘जावळी’नंतर ‘शिराळा’ म्हटल्यास पुढील नाव ‘श’चे.

अभ्यास :
१. आपल्या तालुक्यातील ‘ळ’ असलेली पाच गावे शोधा. त्यांपैकी एकात तरी ‘ळ’ आरंभी आहे काय?
२. कवठे महांकाळ, खंडाळा, पाटण, मिरज यांपैकी कोणत्या नावावर नेहमीचा खेळ अडेल व का?
३. दर्या–दऱ्या यांचा अर्थ स्पष्ट होईल, अशी दोन वाक्ये लिहा.
४. ‘ङ’ असलेले तीन शब्द लिहून त्यांची फोड करा.

उत्तरे तपासताना केवळ बरोबर वा चूक अशी खूण करून थांबू नये. मूल जेथे अडले, तेथे ते स्वतः चुकले, की भाषेचा नियमच आड आला, हे पाहून मग गुण द्यावेत.