बालकांच्या दातांतील उघडी आणि छुपी कीड

देवणी, जि. लातूर

चि. सुनंदा हिस


मुलांच्या दातांतली कीड दोन तऱ्हांनी वाढते. उघडी कीड वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत दिसते: आधी खडूसारखा पांढरा पट्टा, मग तपकिरी खड्डा. छुपी कीड दाढेच्या खाचेतून आत शिरते. वरचे कवच शाबूत दिसते आणि आतले दंतिन पोखरले जाते. तिची करडी सावली कधीकधी दिसते. एरवी ती एक्स-रेमध्येच सापडते.

दोन्हींच्या मुळाशी जिवाणू असतात. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा १९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून वेगळा केला. तो साखरेपासून चिकट थर बनवून दाताला धरून राहतो आणि आम्ल सोडतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की कवचातले कॅल्शियम झिरपू लागते. लहान वयातल्या उग्र किडीत स्कार्डोव्हिया विग्सिए हाही आढळतो. आत खोलवर लॅक्टोबॅसिलस वाढतात. त्यांना आम्ल मानवते आणि बंद पोकळीत ब्रश पोचत नाही.

गोड खाल्ल्यावर आम्ल काही मिनिटांत वाढते. लाळेला ते निवळायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचे. दिवसभर थोडी थोडी बिस्किटे देत राहू नये. गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नये. म्युटन्स बहुधा आईच्या लाळेतून बाळाकडे जातो, म्हणून आईने आधी स्वतःच्या दाढा भरून घ्याव्यात आणि बाळाचा चमचा चाटू नये.

दात घासायच्या राखुंडीत फ्लोराइड नसते आणि मिश्री तर तंबाखूच. पहिला दात येताच फ्लोराइडची पेस्ट वापरावी: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. किनवटसारख्या भागात, जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त असते, तिथे दंतवैद्याला विचारून ठरवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासते. पण नुसत्या नजरेच्या तपासणीत छुपी कीड सुटू शकते. दाढेवर सावली दिसली किंवा एकाच बाजूने चावायची सवय लागली, तर लातूरच्या दंत महाविद्यालयात एक्स-रे काढावा. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, पक्की दाढ येते. घरचे तिला दुधाचीच समजतात. तिच्या खाचा सीलंटने वेळीच बुजवून घ्याव्यात.

तुझी मावशी