एकाच रश्शावर हॉटेल चालतं का?

चिकनचं हॉटेल टाकायचंय म्हणून जे जे माझ्याकडे येतात, त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर मेन्यू असतो. चिकन हंडी, बटर चिकन, तंदुरी, बिर्याणी, वर चायनीज. मोजले तर साठ पदार्थ. आज आपण बरोबर उलटा धंदा समजून घेऊ, एकाच रश्शावर चालणारा. सुरुवात चीनमधून करू, मग साताऱ्याला येऊ.

चीनच्या शानतोंग प्रांतात जिनान शहर आहे. तिथे 2011 मध्ये यांग शियाओलू यांनी 'यांग मिंग यू' नावाचं दुकान काढलं. विकायचं एकच: ह्वांग मन जी. ह्वांग म्हणजे पिवळं, मन म्हणजे झाकण ठेवून मंद शिजवलेलं, जी म्हणजे कोंबडी. चिकन, मशरूम, आलं, ढोबळी मिरची, सोया सॉस, सगळं एका मातीच्या भांड्यात उकळत समोर येतं आणि सोबत भात. (आपल्या चौकातल्या चायनीज गाडीशी याचं काही नातं नाही. आपलं मंचुरियन हे भारतातलंच.) थोड्याच वर्षांत चीनभर हजारो शाखा झाल्या, 2017 ला कॅलिफोर्नियातही एक उघडली.

चव चांगली असेलच, पण मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, सॉस कंपनीकडून येतो, त्यामुळे शाखेला उस्ताद आचारी लागत नाही. दोन, अनोळखी गावात उतरलेल्या, भाषा न येणाऱ्या प्रवाशालाही तिथे जेवता येतं. भांडं लहान की मोठं, तिखट की कमी तिखट, एवढंच सांगायचं. प्रवाशाला कसली भीती असते? काय मागवावं कळत नाही, बिल किती होईल माहीत नाही आणि गाडी सुटेल. त्या दुकानात तिन्ही भीती दारातच संपतात.

आता आपला पुणे-बेंगळुरू हायवे घ्या. सातारा, कराड, पुढे पेठ नाका आणि तिथून सांगलीला वळायचं. सकाळी दहा-साडेदहाला पुण्यातून निघालेला माणूस साताऱ्याच्या पुढे आला की जेवणाची वेळ होते. मिरजेला दवाखान्यासाठी येणारी माणसं वेगळीच, त्यांना तर गावातलं काहीच माहीत नसतं. यांच्यासाठी आपल्याकडे चिकन थाळी आहे: सुक्कं, रस्सा, अळणी पाणी, भाकरी, भात, कांदा-लिंबू. 'रस्सा अनलिमिटेड' ही पाटी तुम्ही पाहिली असेल. नवीन माणूस ती पाटी लावायला घाबरतो. हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर घाला.

आधी एक सांगतो, दोन किलोची जिवंत कोंबडी साफ करून, कातडं काढून साधारण 1.3 किलो भरते. त्यामुळे जिवंत कोंबडीच्या दरावर हिशोब करू नका. साफ चिकन 220 रुपये किलो धरा. एका थाळीला 150 ग्रॅम, म्हणजे 33 रुपये. रश्शाची वाटी 6 रुपये, तीन वाट्यांचे 18. दोन भाकऱ्या 14, भात 8, कांदा-लिंबू 4. एकूण 77. थाळी 160 ला विकली तर हातात 83 राहतात. भाडं, पगार, गॅस, लाईट मिळून रोज 3,000 जात असतील तर 37 थाळ्यांनंतर तुमचा पहिला रुपया. गिऱ्हाईक चौथी वाटी मागतं तेव्हा तुमचे 6 रुपये जातात. फोडी मात्र मोजूनच वाढायच्या, कारण पैसा तिथे आहे.

आणि साठ पदार्थांच्या हॉटेलात? रात्री मॅरिनेट केलेलं दोन किलो चिकन टाकून द्यावं लागलं की 440 रुपये गेले, म्हणजे पाच थाळ्यांची कमाई. कर्ज काढून टाकलेली हॉटेलं बऱ्याचदा फ्रिजमध्ये बुडतात, गल्ल्यावर नाही.

पण थांबा, लगेच पाटी रंगवायला देऊ नका. जिनानच्या दुकानाला श्रावण नाही. आपल्याकडे श्रावण आहे, नवरात्र आहे, सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आहे. वर अफवा. फेब्रुवारी 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा तिथून कितीतरी लांबच्या गिऱ्हाइकांनीही चिकन बंद केलं. 2020 च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरली आणि ब्रॉयलरचे भाव कोसळले. दर स्वस्त झाला म्हणून हॉटेलवाला खूश होईल असं वाटतं, पण खाणाराच नव्हता.

म्हणून माझं मत असं आहे की आपल्या भागात पदार्थ दोन ठेवा, वाटण एक ठेवा. दुसरा पदार्थ शोधायला लांब जायची गरज नाही. कराड-इस्लामपूर पट्ट्यात अख्खा मसूर आणि रोटीवर ढाबे चालतात. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि कांदा-लसूण चटणी, हे मूळ वाटण सकाळी एकदाच करायचं. दुपारी त्यातलं निम्मं रश्शाला, निम्मं मसुराला. श्रावणात प्रमाण फिरवायचं. मसूर कोरडा असतो, पोत्यात महिनाभर राहतो, त्याला फ्रिज लागत नाही. फक्त पातेली आणि पळ्या वेगळ्या ठेवा, आणि त्या वेगळ्या आहेत हे गिऱ्हाइकाला दिसेल अशा ठेवा. शाकाहारी माणूस तेच आधी बघतो. वाटणाचं वजन वहीत लिहा, 'अंदाजाने' चालणार नाही. आचारी सोडून गेला तर दुसऱ्या दिवशी तुमच्या वहिनींनाही तीच चव काढता आली पाहिजे.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या जवळच्या हायवेवरच्या तीन चिकन थाळीच्या हॉटेलांत प्रवासी म्हणून जेवून या, मालकाशी ओळख न सांगता. बसल्यापासून ताट येईपर्यंत किती मिनिटं लागली, दर बाहेरून वाचता आला का, फोडी किती, रस्सा विचारायला वाढपी आपणहून आला का आणि बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट आहे का, हे लिहा. एक जेवण सोमवारी घ्या. त्या दिवशी किती टेबलं रिकामी आहेत तेही मोजून आणा, पुढच्या व्हिडिओत त्याच आकड्यांवरून भाडं किती परवडतं ते काढू.