नवस, नऊची प्रार्थना आणि तू

बाय, तू ग्रुपवर लिहिलंस ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. आत्याच्या बायपाससाठी रात्री नऊला आपापल्या घरी सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं असं दादानं ठरवलं, आणि तू लगेच टाकलंस, ‘याने धमन्या उघडत नाहीत.’ नाहीच उघडत. पण आयनं आपल्या डोंगरावरच्या चंडिकेला नवस बोललाय, तोही त्या एका वाक्यात धुपून गेला आणि ती तेव्हापासून गप्प आहे. म्हणून ग्रुपवर नाही, तुझ्याशीच बोलते.

तुला पुरावा लागतो ना? मग हा घे, तुझ्याच बाजूचा. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन, ज्यांनी ध्यानानं शरीर कसं शांत होतं यावर आयुष्य घातलं, त्यांनी अमेरिकेतल्या 6 हॉस्पिटलांत बायपासच्या 1,802 रुग्णांवर प्रार्थनेची परीक्षा घेतली. एका गटासाठी अनोळखी माणसं चौदा दिवस प्रार्थना करत होती, पण रुग्णांना खात्रीनं माहीत नव्हतं. दुसऱ्या गटासाठी कोणी करत नव्हतं, तेही त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्याला मात्र स्पष्ट सांगितलं होतं, तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. 2006 साली निकाल छापून आला. पहिल्या दोन गटांत काही ना काही गुंतागुंत झालेले रुग्ण 52 आणि 51 टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्यात 59.

हसू नकोस, पुढचं ऐक. बेन्सनना उलट उत्तर आवडलं असतं, तरी त्यांनी हेच छापलं. मोकळं मन मी याला म्हणते. आणि ज्यानं आधीच ‘छे, मूर्खपणा’ म्हणून प्रश्न विचारलाच नसता, त्याला तो तिसरा गट कधी दिसलाच नसता. आपल्यासाठी प्रार्थना चाललीय म्हणजे आपलं इतकं बिघडलंय का, या धास्तीनंही तसं झालं असेल, अशी एक शंका संशोधकांनीच काढली. खात्री नाही, योगायोगही असेल. पण मी दादाला सांगितलं, नऊला बस, खुशाल बस, फक्त आत्याला रोज फोन करून ‘आज इतकी जणं बसलो’ असा हिशेब देऊ नकोस.

त्याच वर्षी जेम्स कोन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 16 विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनमध्ये झोपवलं आणि विजेचा झटका बसण्याची भीती घातली. नवऱ्यानं हात धरला की मेंदूतली धोक्याची धावपळ कमी व्हायची. परक्यानं धरला तरी थोडी कमी व्हायची. जिचा संसार सुखाचा, तिची आणखी कमी. (आपल्या वैनीला हे सांगू नकोस, दादाची परीक्षा घेत बसेल.) नमुना लहान आहे, मान्य. पण डॉ. अभय बंगांनी स्वतःच्या हृदयविकारावर ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहिलं, त्यातही गोळ्या, आहार, व्यायाम यांच्या बरोबरीनं मनाला आणि नात्यांना जागा आहेच. गडचिरोलीत बालमृत्यू मोजणारा माणूस आहे तो, हवेत बोलणारा नाही.

आपल्या गावातलंच बघ. दिवाळीत जूचंद्रच्या रांगोळ्या बघायला कुठून कुठून लोक येतात. एक पोरगा तासन्‌तास वाकून एका चेहऱ्याचा डोळा भरतो. दुसरा रंग चाळून देतो, तिसरा चहा आणतो, आणि घामानं निथळले तरी रंग उडेल म्हणून पंखा कोणी लावत नाही. एकाच्या मनातलं दुसऱ्यात कसं उतरतं ते मला मोजता येत नाही. पण पंखा बंद असतो, हे दिसतं. माझा विश्वास तिथपर्यंत पक्का आहे. त्यापुढे, इथं डोळे मिटले म्हणून तिथं टाके भरतात, यावर नाही. कोणी नीट दाखवलं तर ऐकून घेईन.

एका गोष्टीवर मात्र मी तुझ्याहून कडक आहे. ‘पॉझिटिव्ह विचार कर, बरी होशील’ असं आत्याला कोणी म्हटलं तर तिथंच थांबव. उद्या ताप चढला तर तो तिच्या विचारांचा दोष ठरायचा. आजारी बाईवर हे ओझं कशाला? आणि लांबून ‘ऊर्जा’ पाठवतो म्हणून पैसे मागणारा कोणी आलाच तर अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या दाभोलकरांची आठवण ठेव. 2013 साली त्यांच्या हत्येनंतर जो कायदा झाला, त्यात यात्रेला, पूजेला बंदी नाही. लुबाडण्याला, इजा करण्याला, साप-विंचू चावल्यावर औषधापासून अडवण्याला आहे. आयचा नवस या दुसऱ्या रांगेतला नाही. तिला पोरीसारख्या नणंदेसाठी हातून काहीतरी व्हावं असं वाटतं, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये तिला कोण घेणार?

तर आता हे कर. ग्रुपवर माफीबिफी नको, उगाच पुन्हा चर्चा सुरू होईल. आयला फोन कर आणि नवसाची ओटी भरायला कधी जायचं एवढंच विचार. डोंगराच्या पायऱ्या तिला एकटीला जड जातात. आणि रविवारी हॉस्पिटलात आत्यापाशी बस. बोलायचं सुचलं नाही तर हात धर, तुझ्या विज्ञानाची त्याला हरकत नाही. येताना नायगावला उतरून रिक्षा कर, जूचंद्रच्या गाडीच्या भरवशावर राहू नकोस. भेटायची वेळ चुकली तर वॉचमन वर सोडत नाही.