पणजोबांना कुठे पुरलं?

प्रश्न : आम्ही लिंगायत. पणजोबांना दातिवलीत पुरलं. ना दगड, ना चौथरा. जागा सापडेल? – एक वाचक, दिवा

उत्तर : आधी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक मागा. जुन्या नोंदी बहुधा मोडीत. वाचणारा सोबत न्या. नाव, तारीख, मरणाचं कारणही मिळेल, पण पुरल्याची नेमकी जागा त्यात नसते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढून दफनभूमीचा सर्व्हे नंबर आजच्या सातबाऱ्याशी ताडा. दिव्यात चाळी-इमारती कुठवर पसरल्यात ते तुम्ही पाहताच. जमीन झाकली गेली असेल तर खणाखणीच्या भानगडीत पडू नका. घराण्याच्या जंगमांकडेही चौकशी करा. क्रियाकर्म त्यांच्याच वाडवडिलांनी केलेलं असणार, आणि माझ्या मते कागदापेक्षा त्यांच्या घरातले म्हातारे अधिक सांगतील.