पाठीचा नकाशा

(पाठदुखी हा घरोघरी ऐकू येणारा शब्द आहे. ही दुखणी पुन्हा पुन्हा का येतात आणि त्यांचा मेंदूशी काय संबंध असतो, हे लेखकाने आपल्या घरातील अनुभवाच्या आधारे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची ना कोणाची पाठ दुखत असेलच. आमच्या घरी ती अब्बांची दुखत असे. अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करीत. मी नववीत असताना एके दिवशी सुताचा जड बीम उचलताना त्यांच्या कमरेत चमक भरली. पंधरा दिवस ते अंथरुणावर होते. मग बरे वाटले आणि ते कामावर गेले. पण दोन-तीन महिन्यांनी दुखणे परत आले. पुढे ते येतच राहिले. कधी पाण्याची बादली उचलताना, तर कधी नुसत्या चपला घालताना!

अब्बांचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, "हाडात काही दोष दिसत नाही." हे ऐकून शेजारचे एक गृहस्थ हसून म्हणाले, "दोष नाही, तर दुखते कसे? काम टाळायचे असेल!" अब्बा काही बोलले नाहीत. त्या रात्री ते जेवलेही नाहीत. खरे सांगतो, क्षणभर मलाही शेजाऱ्यांचे म्हणणे पटले होते. आज त्याची मला लाज वाटते. कारण अब्बांची वेदना खरी होती.

मग वेदना म्हणजे नेमके काय? आपल्याला वाटते, जिथे इजा तिथे वेदना; जेवढी इजा तेवढी वेदना. पण नेहमी तसे नसते. इंग्लंडमधील एका बांधकाम कामगाराची हकीकत १९९५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आली होती. त्याने उडी मारली आणि १५ सेंटिमीटर लांबीचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता. गुंगीचे औषध देऊन डॉक्टरांनी खिळा काढला. बूट काढून पाहतात तो काय, खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता! पायाला साधा ओरखडाही नव्हता. तो कामगार खोटे बोलत होता का? मुळीच नाही. त्याच्या डोळ्यांनी खिळा पाहिला, मेंदूने धोका ओळखला आणि वेदना सुरू झाली.

आपले मज्जातंतू शरीरातून मेंदूकडे खबर पोहोचवतात. त्या खबरीचा अर्थ मेंदू लावतो. धोका आहे असे त्याला वाटले, तर तो वेदनेची हाक देतो. म्हणजे मेंदू हा आपला रखवालदार आहे. मोहल्ल्यात एकदा चोरी झाली, की रखवालदार पुढे मांजर दिसले तरी शिटी वाजवतो. एकदा दुखावलेल्या पाठीचेही पुष्कळदा असेच होते. इजा भरून येते, पण रखवालदार सावधच राहतो. भीती, काळजी आणि अपुरी झोप यांमुळे तो आणखी बिथरतो.

या रखवालदाराजवळ आपल्या शरीराचा एक नकाशाही असतो. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात वाइल्डर पेनफिल्ड नावाचे शल्यचिकित्सक होते. मेंदूला स्वतःला वेदना होत नसल्यामुळे ते रुग्णाला जागे ठेवून मेंदूची शस्त्रक्रिया करीत. मेंदूच्या एखाद्या ठिकाणी विजेचा अगदी सौम्य स्पर्श केला, की रुग्ण सांगे, "माझ्या हाताला मुंग्या आल्या", "माझ्या ओठाला काही जाणवले." अशा अनेक रुग्णांच्या माहितीवरून १९३७ साली त्यांनी हा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात हात आणि ओठ यांना मोठी जागा आहे. एवढ्या रुंद पाठीला मात्र थोडीच जागा आहे.

याचा पडताळा तुम्ही वर्गातच घेऊ शकता. दोन बोथट पेन्सिली घ्या. मित्राला डोळे मिटायला सांगा. दोन्ही टोके जवळजवळ धरून त्याच्या बोटाच्या टोकाला हळूच लावा. दोन-तीन मिलिमीटर अंतर असले तरी तो 'दोन' म्हणेल. आता तीच टोके त्याच्या पाठीला लावा. तेथे अंतर सुमारे ४ सेंटिमीटर होईपर्यंत त्याला बहुधा एकच टोक जाणवेल!

पाठ सतत दुखत असेल तर हा नकाशा आणखी पुसट होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाचे संशोधक लोरिमर मोझली यांनी मोजक्या रुग्णांना सांगितले, "पाठीला हात न लावता, ती तुम्हांला जशी जाणवते तशी कागदावर काढा." दुखऱ्या भागापाशी येताच रुग्णांचा हात अडखळला. तो भाग कुठे आहे, हे त्यांना नीट सांगता येईना. त्याच जागी दोन टोके ओळखणेही त्यांना कठीण गेले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पुसट नकाशा हे पाठदुखीचे एकमेव कारण आहे, असे मात्र समजू नका.

मी बी.एड. करीत असताना अब्बांना एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. त्यांनी अब्बांना तपासले आणि म्हणाल्या, "चाचा, तुमची पाठ कमजोर नाही, ती घाबरलेली आहे. रोज थोडे चाला. लक्ष देऊन सावकाश वाका." मला त्यांनी एक खेळ शिकवला. रोज रात्री मी अब्बांच्या पाठीवर बोटाने उर्दू अक्षर काढायचे आणि त्यांनी ते ओळखायचे. खांद्याजवळ काढलेला अलिफ ते लगेच ओळखत. कमरेवर मात्र त्यांना लाम आणि नून यांतला फरक कळत नसे. काही आठवड्यांनी तो कळू लागला. हळूहळू वाकण्याची भीती गेली. खुर्चीवर बसून नमाज पढणारे अब्बा पुन्हा रुकूत जाऊ लागले. दुखणे अजूनही अधूनमधून येते, पण ते त्याला घाबरत नाहीत.

एक दिवस मी त्यांना म्हणालो, "अब्बा, तेव्हा मलाही शंका आली होती. मला माफ करा." ते म्हणाले, "बेटा, शंका तर मलाही स्वतःबद्दल येऊ लागली होती."

मित्रांनो, २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. त्यांतील बहुतेकांच्या दुखण्याचे नेमके कारण एक्स-रेमध्ये दिसत नाही. तुम्हीही तासन् तास वाकून बसू नका. मधून मधून उठा, चाला, खेळा. पडल्यामुळे पाठ दुखू लागली, ताप आला, पायातील शक्ती कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र ताबडतोब डॉक्टरांकडे जा. आणि घरात कोणी "पाठ दुखते" म्हणाले, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. वेदना दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून ती खोटी ठरत नाही.

शब्दार्थ
चमक भरणे – अचानक जोराची कळ येणे. इजा – दुखापत. शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. पुसट – अस्पष्ट. पडताळा घेणे – खरे-खोटे तपासून पाहणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांच्या कमरेत चमक कशी भरली?
(आ) मेंदूतील नकाशात कोणत्या अवयवांना मोठी जागा आहे?
२. कारणे लिहा.
(अ) अब्बा त्या रात्री जेवले नाहीत.
(आ) पायाला इजा नसतानाही कामगार कळवळत होता.
३. लेखकाने अब्बांची माफी का मागितली, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : पडताळा घेणे, अडखळणे.
५. उपक्रम : पाठीवर अक्षर ओळखण्याचा खेळ घरी खेळा व आलेला अनुभव वर्गात मराठीत सांगा.