एक ‘लागणे’, अर्थ किती!

दिवसातून शेकडो वेळा आपल्या तोंडी येणारे एक क्रियापद म्हणजे ‘लागणे’. तहान लागते, डुलकी लागते, गावाकडच्या एस. टी.ला वेळ लागतो, सायंकाळी दिवे लागतात आणि वर्षाअखेर निकाल लागतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) ह्या एका शब्दाचे अर्थ एकामागून एक दिलेले आहेत. इतक्या निरनिराळ्या गोष्टींना एकच क्रियापद कसे पुरते?

उत्तर शब्दाच्या मुळाशी आहे. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्यावरून प्राकृतात ‘लग्ग’ आणि मराठीत ‘लाग’. ‘लग्न’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे ‘लग्न लागले’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो! हा मूळ अर्थ हाती धरला की बाकीचे उलगडत जातात. शेताला लागून ओढा असतो. एखादा आपला मामा लागतो, तेथे नाते जोडलेले असते. विहीर खणताना पाणी लागते, कारण कुदळ पाण्याला भिडते. ठेच पायाला लागते, तसे बोलणे मनाला. शेतकरी उसाची ‘लागण’ करतो आणि रोगाचीही ‘लागण’च होते.

आता थोडे व्याकरण. ‘मला भूक लागली’ ह्या वाक्यात कर्ता भूक आहे. मी नुसता ‘मला’. भूक येऊन चिकटते, माणसाला विचारीत नाही.

हेच क्रियापद दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला आले की आणखी एक गंमत होते. ‘जावे लागते’ म्हणजे सक्ती. ‘जाऊ लागतो’ म्हणजे आरंभ. सक्तीच्या वाक्यात माणूस पुन्हा ‘मला’ होतो. आरंभाच्या वाक्यात मात्र तो ‘मी’ असतो.

आमच्या घरातून कॉलेजच्या पायरीपर्यंत आलेली मी पहिलीच. आईच्या बोलण्यात हे क्रियापद बहुधा सक्तीचेच असते. पाणी आणावे लागते, खुरपायला जावे लागते, प्रसंगी उसने मागावे लागते. तिच्या ह्या वाक्यांत ‘मी’ नसतेच, पुष्कळदा ‘मला’ही गळून जाते. लहानपणी ती शाळेत जाऊ लागली होती. दुसरीत असताना धाकट्या भावंडांसाठी शाळा सोडावी लागली. ह्या क्रियापदाचे दोन्ही प्रयोग तिच्या आयुष्यात असे लागोपाठ आले.

आपण येथे शिकू लागलो आहोत. परीक्षा जवळ आली की मात्र ‘काय करणार, अभ्यास करावा लागतो’ असे आपणच म्हणतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. त्यांतले आपले कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.