गुण आहेत, पण पाहणार कोण?
(अमेरिकेतील शालेय बेसबॉल व ‘शोकेस’ मेळावे : एक अभ्यास)



केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की, निरनिराळे उपदेशक येतात आणि प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही विश्वास कोणावर ठेवावा? ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासा, हिताचे असेल ते घ्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. हीच कसोटी आज आपण एका खेळाच्या बाजाराला लावून पाहणार आहोत.

आपल्या समाजातील काही कुटुंबे आज अमेरिकेत स्थायिक आहेत आणि त्यांची मुले तेथील हायस्कुलात शिकतात. ‘अमुक मेळाव्याला मुलाला पाठवा, कॉलेजचे प्रशिक्षक त्याला पाहतील, शिष्यवृत्ती मिळेल’ असे तेथील पालकांना सतत सांगितले जाते. फी घेऊन ‘निवड चाचणी’ भरविण्याची प्रथा इथेही आहेच. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

शोकेस मेळावा म्हणजे काय?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. या वयाच्या खेळाडूंना एका मैदानावर जमवून त्यांची मापे घेतली जातात. ६० यार्ड (सुमारे ५५ मीटर) धावायला किती सेकंद लागतात, पिचरने टाकलेल्या चेंडूचा वेग किती, बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटतो, कॅचर चेंडू हाती आल्यापासून दुसऱ्या बेसपर्यंत किती वेळात पोचवतो, हे सर्व यंत्राने मोजतात. नंतर छोटे सामने होतात. कॉलेजचे प्रशिक्षक आणि व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसे, ते पाहतात. ‘परफेक्ट गेम’सारख्या खासगी संस्था १९९० च्या दशकापासून हे काम करीत आहेत. एका मेळाव्याची फी काहीशे डॉलर असते. प्रवास, हॉटेल व साहित्य धरले तर हंगामाचा खर्च हजारो डॉलरवर जातो.

उपयोग कोठे होतो?

उपयोग होतो, हे प्रथम प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अमेरिका हा खंडप्राय देश आहे. एका प्रशिक्षकाला शेकडो शाळांचे सामने पाहणे शक्य नाही. मेळाव्यात त्याला एका दिवसात शंभर मुले पाहता येतात. थंड प्रदेशातील किंवा आडगावच्या मुलाला तर घरच्या मैदानावर कोणी पाहायलाच येत नाही. ‘एरिया कोड गेम्स’सारख्या निवडक आणि निमंत्रितांच्या मेळाव्याकडे स्काउट मंडळींचे लक्ष असते.

परंतु येथे एक बारकावा आहे. प्रशिक्षक बहुधा कोऱ्या मनाने येत नाही. ज्यांची पत्रे आली, चित्रफिती पाहिल्या, ज्यांच्याविषयी शाळेच्या प्रशिक्षकाने कळविले, अशा मुलांची यादी घेऊन तो येतो. मेळावा त्या यादीची खात्री करून देतो. यादीत नाव नसलेला आणि मापेही मध्यम असलेला मुलगा शंभरातील एक म्हणून येतो आणि तसाच परत जातो.

आकडे काय सांगतात?

तेथे चार लाखांहून अधिक मुले हायस्कूल बेसबॉल खेळतात. त्यांपैकी एन. सी. ए. ए. या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या संघांत पोचणारे शंभरात सुमारे सात आणि तिच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये, पोचणारे अवघे दोन-तीन.

शिष्यवृत्तीविषयी तर मोठा गैरसमज आहे. पहिल्या डिव्हिजनमध्ये अनेक वर्षे एका संघाला फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि ती रक्कम २७ खेळाडूंपर्यंत वाटली जाई. म्हणजे बहुतेकांना तुकडाच मिळे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली, पण संघ ३४ खेळाडूंचा ठरला. शिवाय आता खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जाऊ शकतात, त्यामुळे प्रशिक्षक तयार व मोठ्या वयाच्या खेळाडूला पसंती देतात. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. तेथे अभ्यासातील गुण आणि घरची आर्थिक स्थिती पाहून साहाय्य मिळते. म्हणजे पुष्कळ मुलांना गणिताची वहीच बॅटपेक्षा अधिक पैसे मिळवून देते!

आणखी एक नियम पालकांनी ध्यानात ठेवावा. २०२३ पासून पहिल्या डिव्हिजनचे प्रशिक्षक अकरावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपूर्वी बेसबॉल खेळाडूशी निवडीसंबंधी संपर्क साधू शकत नाहीत. तेव्हा आठवी-नववीच्या मुलाला ‘प्रशिक्षकांशी थेट भेट’ म्हणून फी भरायला लावणारी जाहिरात तपासूनच पाहावी.

शरीराची किंमत

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात, खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्या ९५ तरुण पिचरांची तुलना दुखापत न झालेल्या ४५ जणांशी केली होती. दुखापत झालेले पिचर वर्षातून अधिक महिने आणि अधिक वेगाने टाकत होते व अधिक शोकेस मेळाव्यांत उतरले होते. वर्षात आठ महिन्यांहून अधिक पिचिंग करणाऱ्यांत शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे पाचपट आढळले. कारण समजण्यासारखे आहे. वेग मोजणारे यंत्र समोर असले की थकलेला मुलगाही पूर्ण जोर लावतो. ज्या हातावर भविष्य उभारायचे, तोच हात त्या दिवशी पणाला लागतो.

दोन भारतीय तरुणांचा धडा

२००८ मध्ये भारतातही असा मेळावा झाला होता. ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या स्पर्धेत उत्तर प्रदेशातील ट्रकचालकाचा मुलगा रिंकू सिंह पहिला आला. त्याने आणि दिनेश पटेल याने तोवर बेसबॉल खेळलेला नव्हता. दोघे भालाफेकपटू होते. त्यांना अमेरिकेत नेऊन काही महिने टॉम हाऊस या जाणत्या प्रशिक्षकाकडे शिकविले. स्काउटांपुढची पहिली चाचणी फसली, दुसरी साधली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. पुढे दोघांपैकी कोणीही मुख्य लीगपर्यंत पोचला नाही. स्पर्धेने दार उघडले हे खरे, पण दारातून आत नेले ते शिक्षणाने. तेही खर्च दुसऱ्याने उचलला म्हणून!

पैशाची भिंत

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनने मुख्य लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली. १९८१ मध्ये त्या लीगमध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू १८.७ टक्के होते. २०२४ च्या हंगामारंभी ते ६ टक्के राहिले. याची कारणे अनेक आहेत, पण त्यांपैकी एक पैशाचे आहे. नामवंत खेळाडू अँड्र्यू मॅककचेनने २०१५ मध्ये लिहिलेल्या लेखात हेच मांडले की, गरीब घरच्या मुलात गुण असले तरी ते लोकांच्या नजरेस आणण्याचा खर्च घराला झेपत नाही.

त्यावर उपायही तेथेच निघाला. १९८९ मध्ये जॉन यंग यांनी लॉस एंजेलिसमध्ये शहरी वस्त्यांतील मुलांसाठी ‘आर. बी. आय.’ ही चळवळ सुरू केली. २००८ पासून ‘ब्रेकथ्रू सिरीज’ हा मेळावा खेळाडूंकडून पैसे न घेता भरविला जातो. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिल्या पाचांपैकी चार कृष्णवर्णीय होते आणि ते चौघेही लीगच्या अशा विकास उपक्रमांतून गेलेले होते. अर्थात काहींचे वडील स्वतः नामवंत व्यावसायिक खेळाडू होते, म्हणून सर्व श्रेय उपक्रमांना देता येणार नाही.

हे वाचताना आपल्याला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. चर्मकार समाजातील हा तरुण पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी तयार करी. जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याची गोलंदाजी लोकांच्या नजरेस आली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९२३ मध्ये ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. गुण असणे, ते दिसणे आणि दिसल्यावर मान मिळणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. मेळावा फार तर दुसऱ्या पायरीपर्यंत नेतो.

निष्कर्ष

शोकेस मेळावा आरशासारखा आहे. असलेला चेहरा तो दाखवील, नसलेला देणार नाही. म्हणून फी भरण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

१) मुलाची मापे आधी शाळेच्याच मैदानावर घ्यावीत आणि तो कोणत्या श्रेणीत बसतो हे शाळेच्या प्रशिक्षकाला स्पष्ट विचारावे.
२) आपल्याला परवडतील व मुलाला शिकावीशी वाटतील अशी कॉलेजे निवडून तेथील प्रशिक्षकांना आधी पत्र व चित्रफीत पाठवावी.
३) त्यांपैकी कोण कोणत्या मेळाव्याला येणार हे विचारून एक-दोनच मेळावे निवडावेत. कॉलेजने स्वतः भरविलेले शिबिर पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.
४) हाताला विश्रांती द्यावी आणि अभ्यास सोडू नये.

आणि संस्थांनी काय करावे? मुलाच्या घरी पैसा नाही म्हणून त्याचे गुण झाकलेले राहू नयेत, एवढा भार समाजाने उचलावा. तो भार उचलणे हेही दानच आहे. मग ते मैदान बेसबॉलचे असो, कबड्डीचे असो वा परीक्षेचे.

अभ्यासासाठी प्रश्न

१) मेळाव्याला येण्यापूर्वीच प्रशिक्षकाजवळ यादी असते, याचा पालकांनी काय अर्थ घ्यावा?
२) गुण असणे, दिसणे व मान मिळणे यांतील फरक पळवणकर बाळूंच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३) आपल्या गावातील फी घेणारी एखादी निवड चाचणी वरील चार कसोट्यांवर तपासून पाहा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!